घाम नाही

संग्रहालयात त्यांना सगळे पुसणीस म्हणत. चिटणीस असतात, फडणीस असतात, तसे हे पुसणीस. खरं आडनाव काहीतरी वेगळंच होतं, पण पगारपत्रक काढणारा कारकून सोडला तर ते कोणाला ठाऊक नसावं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कोणीतरी चेष्टेत हाक मारली, त्यांनी सरळ ओ दिली, आणि झालं, नाव चिकटलं ते चिकटलंच.

काम काय, तर देवमासा पुसायचा. हसू नका. मोठ्या दालनात छताला साखळ्यांनी टांगलेला पासष्ट फुटी सांगाडा होता. नव्वद वर्षांपूर्वी तो मासा किनाऱ्याला लागून मेला. मांस गेलं, कातडं गेलं, हाडं राहिली. पण त्याची हाडं आतून स्पंजासारखी असतात आणि त्यांत तेल मुरलेलं असतं. ते मेल्यानंतरही वर्षानुवर्षं पाझरत राहतं. कधी जबड्यातून, कधी तिसऱ्या बरगडीतून, एक एक थेंब टप्पकन खाली. वासही यायचा, गोडसर आणि जरा कुजकट, बंद कपाटात विसरलेल्या तेलाच्या बाटलीचा येतो तसा. तिथल्या माणसांनी त्याला तेल कधी म्हटलं नाही. "आज माशाला घाम आलाय," असंच म्हणायचे.

पुसणीस रोज सकाळी आठला यायचे, खाली मांडलेले ट्रे बघायचे, शिडी लावून हाडं फडक्याने टिपायचे आणि नोंदवहीत लिहायचे. तारीख, वेळ, घाम, सही, असे चार रकाने. घाम थोडा, पुसला. घाम बराच, दोनदा पुसला. एकदा एका नव्या कारकुनाने ती वही चाळली आणि यांना बोलावून सांगितलं, की काका, तुम्हाला काय त्रास होत असेल तो डॉक्टरला सांगा, सरकारी वहीत कशाला लिहिता? हा किस्सा संग्रहालयात पुढे वीस वर्षं चालला.

मग आठ वर्षांपूर्वी मासा वाळला. एका आठवड्यात थेंब कमी झाले आणि बंदच झाले. पुसणीसांना सुरुवातीला करमेना. रोज मान वर करून बघायचे, हाडाला हात लावायचे, कोरडा हात घेऊन खाली यायचे आणि लिहायचे: घाम नाही. सहा महिने हे असं नेमाने चाललं. त्यानंतर काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. ते आधी लिहायला लागले आणि मग बघायला. जिन्याखालच्या आपल्या खोलीत चहा घेता घेता 'घाम नाही' लिहून सही ठोकायची, आणि मग दालनात एक फेरी. पुढे फेरीही कधी व्हायची, कधी राहायची. माणूसच तो. वाळलेल्या हाडांकडे किती वर्षं मान वर करून बघणार?

घरी धाकटी बहीण आणि तिची मुलगी. बहिणीचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून तिघं एकत्र. भाचीला त्यांनीच हाताला धरून वाढवलं. शाळेला सुट्टी असली की ती मामाबरोबर संग्रहालयात यायची, शिडी धरायची, आणि मासा रडतोय का घामेजलाय यावर मामाशी हुज्जत घालायची. आता ती एका शाळेत विज्ञान शिकवत होती. बोलायला फटकळ, पण मनाने निर्मळ पोरगी.

दोन वर्षांपूर्वी संग्रहालयाने एका तेल कंपनीशी भागीदारी केली. दालन नवं झालं. खाली पांढराशुभ्र दगड आला, वर प्रखर दिवे आले, आणि माशाच्या बरोबर खाली उभी पितळी पाटी बसली: 'या दालनातील प्रकाश कंपनीच्या सौजन्याने'. ट्रे मात्र गेले. पुसणीस संचालकबाईंना म्हणाले होते की मॅडम, ट्रे असू द्या, ह्या माशाचा भरवसा नाही. बाईंनी नोंदवही पुढे ओढली आणि तुमच्याच हातचं सहा वर्षांचं 'घाम नाही' आहे की, असं गोड आवाजात सांगितलं. ट्रे माळ्यावर गेले.

उद्घाटनाला कंपनीचा एक साहेब आला होता. त्याने भाषणात सांगितलं की पूर्वी ह्याच माशांना मारून त्यांच्या तेलावर दिवे पेटवायचे. आम्ही जमिनीतून तेल काढलं म्हणून हे मासे वाचले. एका अर्थी हा आमचा जुना मित्र आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुसणीसांनीही वाजवल्या, पण टाळ्या थांबल्यावर त्यांना वर साखळी कुरकुरल्यासारखी वाटली. पंख्याचा वारा असेल म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर त्या दालनात पंखा नव्हताच.

त्यानंतर काही तरुण मुलं यायला लागली. दर मंगळवारी साडेदहाला, वीस-पंचवीस जण, काळे शर्ट घालून. घोषणा नाहीत की आरडाओरडा नाही. रांगेने तिकिटं काढायची, आत यायचं आणि माशाच्या खाली पांढऱ्या दगडावर सांगाड्याच्याच आकारात आडवं व्हायचं. कोणी मणका, कोणी बरगडी, कोणी जबडा. छातीवर कागद: हे सौजन्य नको. डोळे मिटून सगळे एकदम श्वास घ्यायचे आणि एकदम सोडायचे. वर मेलेला मासा आणि खाली श्वास घेणारा. पहारेकरी पहिल्या दिवशी खो खो हसले. तिसऱ्या मंगळवारपासून ते त्या वेळी दालनात उभे राहायला टाळाटाळ करू लागले. त्यांचं म्हणणं, श्वास वरूनही ऐकू येतो.

पाचव्या मंगळवारी पुसणीसांनी पाहिलं तर तिसरी बरगडी त्यांची भाची.

घरी त्या संध्याकाळी बोलाचाली झाली. आपली रोजीरोटी जिथे, तिथेच जाऊन लोळायची काय गरज, असं ते म्हणाले. ती म्हणाली, मामा, लहानपणी तूच सांगायचास ना की हा मासा आपला आहे, मग त्याच्या खाली त्यांची पाटी कशी? शेवटी बहिणीने मधे पडून तोडगा काढला, की संग्रहालयात एकमेकांना ओळख दाखवायची नाही. दोघांनी मान्य केलं. पण मंगळवारी साडेदहा वाजले की पुसणीस जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसायचे.

मुलं यायला लागली त्याच्या नवव्या महिन्यातली गोष्ट. सोमवारी संध्याकाळी ते घरी आले तर बहीण दारातच थबकली. "दादा, तुझ्या अंगाला तो वास येतोय," ती म्हणाली. कुठला वास, म्हणून त्यांनी विचारलं. पूर्वीचा, माशाचा, ती म्हणाली. पुसणीस तिच्यावर उगाचच खेकसले. मासा वाळून आठ वर्षं झाली, आता कसला वास? अंघोळ करून आले, तरी ती पानावर वाढताना नाक मुरडत होती. त्यांना स्वतःला काहीच येत नव्हता. बावीस वर्षं ज्या वासात काढली तो माणसाला येतो कुठे.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आठ दहाला त्यांनी लिहिलं: घाम नाही. सही केली. चहा घेतला. आज भागीदारी पुढे पाच वर्षं वाढवायच्या सह्या होणार म्हणून धांदल होती, पाहुणे अकराला यायचे होते. खुर्च्या उचलायला यांनाही हाताशी घेतलं. दालनात फेरी झाली नाही.

साडेदहाला मुलं आली आणि आडवी झाली. पहारेकऱ्यांना हुकूम होता, पावणेअकराला उचलून बाहेर ठेवायचं. त्यांनी उचललं. तिसऱ्या बरगडीला उचललं आणि खालचा दगड दिसला. वाटीभर असेल फार तर, पण पांढऱ्या दगडावर ते तपकिरी काळं तेल डबक्यासारखं दिसत होतं. भाचीचा शर्ट पाठीपर्यंत भिजलेला. आणि पितळी पाटीवर एक जाड ओघळ, बरोबर 'सौजन्याने' ह्या शब्दावरून उतरलेला. कॅमेरा होता, पण तो दाराकडे तोंड करून.

"हिने तेल आणून ओतलं," कोणीतरी म्हणालं. भाची म्हणाली की मी काही आणलं नाही, हे वरून पडलं. सगळ्यांनी माना वर केल्या. वर हाडं खडखडीत कोरडी होती.

पुसणीस तेवढ्यात धावत आले. तेल पाहिलं आणि ते काही विचार करण्याआधी त्यांचा हात खिशात गेला, फडकं निघालं, गुडघे टेकले गेले आणि त्यांनी पुसायला सुरुवात केली. तीस वर्षांची सवय. थोडं टिपलं, तोवर सफाईवाले यंत्र घेऊन आले, कारण पाहुण्यांच्या गाड्या फाटकात शिरत होत्या. पाच मिनिटांत दगड पुन्हा लखलखीत. फडकं त्यांनी खिशात कोंबलं, आणि खोलीत आल्यावर जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. डोक्यात तोवर लख्ख झालं होतं. तो घाम होता. ते नाकाने नाही, बोटांनी ओळखलं होतं.

इतर मुलांना सोडून दिलं, भाचीवर मात्र ठपका आला. शनिवारी चौकशी ठरली. तिने तेल ओतलं असं ठरलं तर प्रकरण पोलिसांत जाणार आणि शाळेतली नोकरी सुटणार, हे स्पष्ट होतं. त्याच दुपारी बाईंनी पुसणीसांना बोलावलं, नोंदवही उघडून ठेवली होती. मंगळवार, आठ दहा, घाम नाही, सही. बाई म्हणाल्या, बरं झालं तुम्ही इतके काटेकोर आहात, आता फक्त चौकशीत एवढंच सांगायचं की सकाळी बघितलं तेव्हा मासा कोरडा होता. ती मुलगी यांची कोण, हे बाईंना ठाऊक नव्हतं.

घरी आले तर भाची भिंतीला टेकून बसली होती. शर्ट बहिणीने आल्या आल्या गरम पाण्यात भिजवून, घासून, वाळत टाकला होता. आईच ती, तिला लेकीच्या अंगावरची घाण दिसली, पुरावा दिसला नाही. नंतर कळलं तेव्हा ती कपाळ धरून बसली. भाचीने मामाला काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, "मामा, ते गरम होतं."

"काय?"

"तेल. अंगावर पडलं तेव्हा गरम होतं. माणसाच्या अंगासारखं."

दिवे तापतात म्हणून असेल, असं पुसणीस म्हणणार होते. पण दालनातले मोठे दिवे पाहुणे आल्यावर लावायचं ठरलं होतं, आणि ते साडेदहाला बंद होते.

बहिणीने मात्र विचारायचं ते विचारलंच. "दादा, सकाळी तू बघितलं होतंस ना?"

पुसणीस हो म्हणाले. आयुष्यात बहिणीशी ते पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तिला ते कळलं हे त्यांनाही कळलं. ती आत निघून गेली.

आता त्यांची अडचण बघा. खरं बोलायचं म्हणजे वही खोटी म्हणायची. एक नोंद खोटी म्हटली की आठ वर्षांची खोटी, आणि आठ वर्षांची खोटी म्हटल्यावर आधीची बावीस तरी कोण खरी मानणार? ह्या माणसाने आयुष्यात दुसरं काही केलेलं नव्हतं. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, कुठे नाव निघालं नाही. एक वही लिहिली. लोक चेष्टा करत, पण वही काटेकोर आहे म्हणत. ती स्वतःच्या हाताने फाडायची, हे त्यांच्या जिवावर आलं होतं. खोटं कशाला बोला, बुधवारी संध्याकाळपर्यंत त्यांचं गप्प बसायचंच ठरत होतं.

बुधवारी सकाळी त्यांनी खोलीत डबा उघडला. फडकं टाकताना ते ओलसर होतं, एवढंच. आता डब्यात बोटभर तेल होतं. फडक्यातून निथळलं असेल, असं त्यांनी मनाला समजावलं आणि झाकण लावलं. गुरुवारी तेल अर्ध्या डब्यावर आलं. त्यांनी डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. डबा कोमट होता. जिन्याखालच्या त्या खोलीत ऊन येत नाही, शेगडी नाही, काही नाही. ते उठले, शिडी लावली, जबड्यापासून शेपटीपर्यंत एक एक हाड नव्या फडक्याने पुसलं. फडकं पांढरं ते पांढरंच. उतरताना त्यांना श्वास ऐकू आला, एकदम घेतलेला आणि एकदम सोडलेला, आणि दालनात त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. ते भित्रे नव्हते, पण शेवटच्या तीन पायऱ्या त्यांनी उडी मारून घेतल्या.

शुक्रवारी त्यांनी डबा उघडलाच नाही. दिवसभर तो टेबलाखाली ठेवून ते समोर बसून राहिले. वही पुढे होती. आठ दहाची वेळ टळून गेली, नऊ वाजले, दहा वाजले. तीस वर्षांत पहिल्यांदा वहीत एका दिवसाची ओळ कोरी राहिली.

शनिवारी वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला चौकशी अधिकारी, संचालकबाई आणि कंपनीचा तो साहेब बसले होते. दुसऱ्या बाजूला भाची एकटी. ओळख दाखवायची नाही हा करार तिने इथेही पाळला, मामाकडे बघितलंसुद्धा नाही. पुसणीसांना तेच सगळ्यात जास्त लागलं. अधिकाऱ्याने वही वाचली आणि विचारलं, मंगळवारी सकाळी आठ दहाला तुम्ही सांगाडा बघितला, तो कोरडा होता, बरोबर?

पुसणीस उभे राहिले. बसून उत्तर द्या, असं अधिकारी म्हणाला, पण ते उभेच राहिले.

"साहेब, मी बघितलंच नाही. आधी लिहिलं."

बाईंनी मान झटकन वर केली. अधिकाऱ्याने विचारलं, मंगळवारी? ते म्हणाले, मंगळवारी, सोमवारी, आणि त्याआधीची बरीच वर्षं. आधी लिहितो, मग जमलं तर बघतो. ही मुलगी माझी भाची आहे, तेही लिहून घ्या, नंतर कोणी म्हणायला नको. मग त्यांनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि मंगळवारी फडक्याने काय टिपलं ते सांगितलं.

कंपनीचा साहेब हसला. जो माणूस आठ वर्षं खोटं लिहितो त्याच्या डब्यावर विश्वास कोणी ठेवायचा, असं तो म्हणाला. बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, पुसणीसांनाही ते पटलं. त्यांनी झाकण काढलं.

डबा काठोकाठ भरलेला होता. फडकं तळाशी कुठेतरी असेल, दिसत नव्हतं. खोलीभर तो वास पसरला. अधिकाऱ्याने रुमाल नाकाला लावला. तेलाचा पृष्ठभाग हलत होता, अगदी थोडा, वर आणि खाली, सावकाश. टेबलाला कोणी हात लावलेला नव्हता. साहेबाचं हसू तोंडावरच राहिलं आणि त्याने खुर्ची मागे सरकवली.

"एवढं सगळं एका फडक्यातून?" अधिकारी हळूच म्हणाला. पुसणीस म्हणाले, ते मला विचारू नका, मी फक्त पुसतो.

तेल तपासायला गेलं. बारा दिवसांनी अहवाल आला: तेल देवमाशाचंच, खनिज तेल नाही. तपासणाऱ्याने खाली एक ओळ जास्तीची लिहिली होती, की नमुना नव्वद वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा असल्याचं कळवलं आहे, परंतु तो ताजा दिसतो, तरी माहिती पुन्हा तपासावी. ती माहिती कोणी पुन्हा तपासली नाही. भाचीवरचा ठपका उठला. कंपनीने कळवलं की आमची पाटी त्या वस्तूखाली नको. वस्तू म्हणे! उद्घाटनाला जुना मित्र होता. पाटी निघाली, त्या गडबडीत पुढे ढकललेल्या सह्या राहूनच गेल्या, आणि नऊ महिने थंड दगडावर पाठ टेकलेल्या मुलांनी पुढच्या मंगळवारी दालनात उभं राहून मासा नुसता बघितला.

पुसणीसांना कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. नोंदी खोट्या केल्या, हे कारण. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज केला नाही. कारण खरंच होतं.

शेवटच्या दिवशी ते नेहमीसारखे आठला आले. चहा घेतला नाही. वही काखेत धरून दालनात गेले, तिसऱ्या बरगडीखाली उभे राहिले आणि मान वर केली. मान दुखायला लागली तरी खाली केली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांच्या कपाळावर काहीतरी पडलं, आणि नाकाच्या बाजूने ओघळून ओठापर्यंत आलं. कोमट होतं. हात आपोआप खिशात गेला, फडक्याला लागला. तो त्यांनी तसाच रिकामा बाहेर काढला. वही गुडघ्यावर टेकवून लिहिलं: घाम आहे. पुसला नाही. सही केली, वही बाईंच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले.

पायऱ्यांवर भाची वाट बघत बसली होती. मामाचं कपाळ बघून ती उठली, पण पुसायला पुढे झाली नाही.

"मामा, बघितलंस?" तिने विचारलं.

"बघितलं," ते म्हणाले.